चामड्याच्या नाण्याची फिर्याद

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकंही फोडून घेतलं. तरी डोक्यातून न गेलेली केस कोणती असं कुणी विचारलं, तर मी एका चामड्याच्या नाण्याची सांगतो. लोक हसतात. हसू द्या.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. उदगीरकडच्या एका ठाण्याचा मी प्रमुख. निम्मे कागद जुन्या जिल्ह्यात, निम्मे नव्यात, फोन मात्र दोन्हीकडून यायचे. टँकर आला की बंदोबस्त, गेला की हाणामारीच्या फिर्यादी. अशा धामधुमीत मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, एक आडत दुकानदार ठाण्यात आले. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं हळू. सगळा मोंढा त्यांना अप्पा म्हणायचा.

"साहेब, माझं नाणं गेलं."

"कसलं, सोन्याचं?"

"न्हाई. चामड्याचं."

ठाणे अंमलदारानं लेखणी खाली ठेवली. मी डोळे वटारले तेव्हा परत उचलली.

अप्पांना जगावेगळी नाणी जमवायचा नाद होता. लाकडाचं, चिनीमातीचं, काचेचं, दाबलेल्या कोळशाचं, एक तर घेवड्याच्या बीसारखं. हैदराबादच्या जुन्या बाजारात धान्याच्या कामाला जायचे आणि येताना असलं काहीतरी घेऊन यायचे. चामड्याचं नाणं कुठल्याशा परदेशी गावानं लढाईत धातू संपला तेव्हा काढलेलं. रुपयाएवढं, मध्ये भोक, कडेनं उमटवलेली अक्षरं. "सोन्याचं नाणं कुनीबी पाडील साहेब," अप्पा म्हणाले, "चामड्यावर छाप मारला अन् लोकांनी तरी इमानानं घेतलं, ते मोठं."

त्या कोरड्या हवेत नाणं तडकायला लागलं, म्हणून त्यांनी ते मोंढ्याच्या फाटकाशी कडुलिंबाखाली बसणाऱ्या मोच्याकडे तेल लावायला दिलं होतं. मोची म्हणत होता, परत दिलं. अप्पा म्हणत होते, मिळालं नाही. त्यात आठ दिवसांवर लातूरला नव्या जिल्ह्याचं प्रदर्शन, अप्पांची पेटी तिथं मांडायची ठरलेली. त्यामुळे वरूनही विचारणा सुरू झाली.

दुसऱ्याच दिवशी आमच्या खबऱ्यानं, मोंढ्यातल्या चहावाल्यानं, कानात सांगितलं, "सायेब, सोमवारी नांदेडचा एक जुन्या वस्तू घेणारा मोच्यापाशी घटकाभर बसून गेला."

झालं! मला वाटलं, केस हातात आली. सौद्याच्या वेळी, मोंढा माणसांनी फुललेला असताना, जीप फाटकाशी लावली आणि मोच्याला उचललं.

पन्नाशीचा माणूस. वीस वर्षं त्याच लिंबाखाली बसलेला. तो म्हणाला, "नांदेडवाला चपलेचा अंगठा शिवून घेऊन गेला. नाणं म्या सोमवारीच परत नेलं. दुकान बंद व्हतं, मनून मागल्या दारी अव्वाला दिलं."

अव्वा म्हणजे अप्पांची आई. हे ऐकून अप्पांनी मानच हलवली. त्यांच्या घरात चामडं उंबऱ्याच्या आत येत नसे, चपलासुद्धा मागच्या दगडावर राहायच्या. अव्वा चामड्याला हात लावणं शक्यच नव्हतं. तरी मी जमादारांना जबाब घ्यायला पाठवलं. त्यांनी विचारलं, "अव्वा, मोच्यानं नाणं दिलं का?" अव्वा म्हणाल्या, "नाणं? न्हाई बाबा." जबाबाखाली अंगठा उमटला.

दोन दिवस मी मोच्याला सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बसवलं. हात उचलला नाही, आवाज मात्र होता नव्हता तेवढा वापरला. त्याचं उत्तर एकच. खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्ट सुधारून सांगतो, खरं बोलणारा तेच ते सांगून कंटाळतो, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. आणि इथं स्वतःच विसरलो होतो! जमादार दबक्या आवाजात म्हणालेही, "साब, ये आदमी झूट नै बोलरा." मी त्यांच्यावरच खेकसलो. मोच्याची बायको फडक्यात भाकरी घेऊन दिवसभर ठाण्याच्या फाटकाशी बसून असायची. तिकडे मोंढ्यातल्या लोकांनी लिंबाखालचं त्याचं सामान उचलून रस्त्याकडेला टाकलं होतं. चोराला इथं जागा नाही, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी अटक दाखवून कोठडी मागायची ठरली. आदल्या दुपारी कागद लावताना दिसलं, मागल्या दाराचा पंचनामाच नाही. दोन पंच घेऊन मी स्वतः गेलो.

ऊन मरणाचं होतं. अंगणात टँकरच्या पाण्याची लोखंडी टाकी. अव्वांनी टाकीचा नळ सोडून तांब्या भरला, नळ घट्ट बंद केला आणि कौतुकानं म्हणाल्या, "बगा, आता एक थेंब गळत न्हाई. लई दिस गळून राहिला व्हता. मोच्यानं वायसर आणून दिला अन् जीव थंड झाला."

वायसर म्हणजे वॉशर, नळातली भोकाची चकती. तांब्या माझ्या तोंडाशीच थांबला.

"कधी दिला अव्वा?"

"सोमवारी. चार दिस आधी निरोप धाडला व्हता त्येला, चामड्याचा वायसर दे मनून. घ्या अव्वा मनला. म्या मनलं, दगडावर ठिव. नळवाला आला, त्यानं उचलून बसवला. म्या कशाला शिवू?"

"अहो, मग आमच्या जमादारांना का नाही सांगितलंत?"

अव्वांनी माझ्याकडे, अडाणी माणसाकडे बघावं तसं बघितलं. "त्यांनी नाणं इचारलं बाबा. चामड्याचं कधी नाणं असतंय का? वायसर इचारला असता तर सांगितलं असतं की!"

पंचांसमक्ष नळ खोलला. आतून फुगलेलं, दबलेलं, अर्धी अक्षरं पुसलेलं ते नाणं निघालं. अप्पा धावत आले, नाणं तळहातावर घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अव्वा, अव्वा, काय केलंस गं!" म्हणत हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. अव्वांना एकच काळजी, आता नळ गळणार. जमादार मला म्हणाले, "साब, चोरी नै हुई, नाण्याला नौकरी लगी." मला हसू आलं नाही. उद्या सकाळी मी एका निर्दोष माणसाला कोठडीत घालणार होतो.

अव्वांचा वायसरचा निरोप मोच्यापर्यंत पोचलाच नव्हता; गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल मी त्याच दिवशी लिहिला. अप्पांनी ते नाणं तसंच, पुसलेल्या अक्षरांसकट, प्रदर्शनात मांडलं. पण ते पुढचं. आधी मी ठाण्यात गेलो आणि मोच्याला म्हणालो, "जा बाबा, सुटलास." तो जागचा हलला नाही.

"साहेब, भर मोंढ्यातून नेलंत. आता कोपऱ्यातून सोडू नका."

बरोबर होतं त्याचं. मी त्याला आणि त्याच्या बायकोला जीपमध्ये पुढे बसवलं आणि सौद्याच्याच वेळी मोंढ्यात गेलो. बोली थांबवायला लावली. मोठ्यानं सांगितलं, "या माणसानं चोरी केलेली नाही. चूक माझी आहे." खरं सांगतो, दरोडेखोराच्या दारात उभं राहणं याहून सोपं होतं. अप्पांनी पुढे होऊन सगळ्यांसमोर हात जोडले आणि रस्त्याकडेचं सामान स्वतः उचलून लिंबाखाली आणलं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी चौकशीत कागदावरचा शब्द विचारला नाही. वस्तू समोरच्याच्या घरात काय म्हणून आली असेल, हे आधी मनाशी विचारायचो. त्यानं पुढे कितीतरी गुन्हे उघडकीला आले, हे मी छाती ठोकून सांगतो.

त्या दिवशी मोची परत जागेवर बसला. आरी, दोरा, ऐरण, एकेक वस्तू मांडली. मोंढा बघत होता. मी निघणार, तेवढ्यात त्यानं माझ्या पायाकडे बोट केलं.

"साहेब, बुटाचा टाका उसवलाय. द्या हिकडं."

मी बूट काढून दिला, आणि त्याचं शिवून होईस्तोवर सगळ्या मोंढ्यासमोर, खाकी गणवेशात, एका अनवाणी पायानं त्याच्यापुढे उभा राहिलो.