कॅमेऱ्यापुढचे शेंगोळे

सकाळी सातला बोलावलं होतं आणि मी पावणेसातलाच जाऊन उभी राहिले. हिंगोलीतलं एक मंगल कार्यालय टीव्हीवाल्यांनी भाड्याने घेतलं होतं. स्वयंपाकाच्या स्पर्धेची आमच्या जिल्ह्याची फेरी तिथे होणार होती. आम्ही बारा बायका. आल्या आल्या फोन काढून घेतले, इंग्रजी कागदावर सह्या घेतल्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं ते दुपारी दीडपर्यंत. दुसऱ्यांना खाऊ घालायला आलेल्या बायकांना घोटभर चहाही कुणी विचारला नाही.

मी वसमतजवळच्या आमच्या गावाहून आदल्या दिवशीच येऊन नातेवाइकांकडे राहिले होते. साधी सहावारी नेसून गेले. कानाला हेडफोन लावलेल्या, टीव्हीवाल्यांच्या एका मुलीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नऊवारी हातात ठेवली. गावाकडचं दिसायला हवं ना ताई, म्हणाली. गावाकडची मी, आणि गावाकडचं कसं दिसतं ते ठरवणार ती.

मग शेजारी बसून तिने चौकशी सुरू केली. नवरा पितो का, घरात काही दुःखद घडलंय का. माझ्याकडे रडण्यासारखं काही सापडेना, तशी ती हिरमुसली. शेवटी विचारलं, सासू कशी आहे? चांगली आहे, मी म्हटलं. तिने वही मिटली.

चांगली हा शब्दही कमीच पडतो. लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, वर्षभर माझ्या जाडजूड, करपलेल्या भाकरी निमूट खाल्ल्या आणि शेजारपाजारी कधी अवाक्षर काढलं नाही. हुलग्याचे शेंगोळे त्यांनीच शिकवले. पीठ किती घट्ट मळायचं, बोटाने कसं वळायचं, लसणाच्या उकळत्या पाण्यात कधी सोडायचं, सगळं.

तेच मी स्पर्धेत केले. पाऊण तासात तयार. पण मग दिवे हलवायचे होते, परीक्षकांचं जेवण व्हायचं होतं. शेंगोळे गरमच खायचे असतात, थांबले की रस्सा आटून गिच्च गोळा होतो. गरम करू का, असं मी तीनदा विचारलं. हात लावायचा नाही, असं सांगितलं. दीड तासाने परीक्षक आले, चमचा तोंडात घातला आणि तोंड वाकडं केलं. मीठही कमी आहे, म्हणाले, तुम्ही चाखलं नव्हतं का?

मी खरं ते सांगितलं. आमच्या घरी चुलीला पहिला घास दिल्याशिवाय कुणी काही तोंडात घालत नाही. आता गॅस आला तरी शेगडीपुढे चिमूटभर ठेवतो, मगच खातो. त्यामुळे मिठाचा अंदाज हातानेच घ्यायचा. आत्याबाई मला कधी चाखूच देत नव्हत्या.

ती मुलगी धावत आली. लाइटचा घोळ झाला, म्हणाली, शेवटचं तेवढं परत म्हणा. आणि 'चाखू' नको, 'तोंडात घालू' म्हणा, म्हणजे लोकांना कळेल. मी म्हटलं. आणखी एकदा म्हणायला लावलं. उपाशी होते, हरलेही होते; तिसऱ्या वेळी माझे डोळे भरून आले. ते होताच सगळे म्हणाले, झालं, छान.

परतताना औंढ्याच्या पुढे एसटी आली तेव्हा ते वाक्य माझ्या कानात वाजलं, आणि चुलीचं सोडून ते एकटंच ऐकलं तर काय वाटेल ते कळलं. घरी आल्यावर त्यांनी दिलेल्या नंबरवर फोन करून ते वाक्य काढा म्हटलं. एडिटिंग आमच्या हातात नसतं, तुमची सही आहे, असं उत्तर मिळालं. तीन आठवडे मी कुणाला काही सांगितलं नाही. आत्याबाई मात्र गल्लीभर सांगत फिरत होत्या की रविवारी दुपारी आमची सून दिसणार. त्या रविवारी मी डिशची वायर काढून ठेवली. नवऱ्याने ती शोधून पुन्हा लावली.

पंधरा-वीस बायका बसल्या होत्या, आत्याबाई सगळ्यांत पुढे. चूल नाही, पहिला घास नाही, काहीच दाखवलं नाही. फक्त माझा रडका चेहरा, मागे सनई, आणि ते वाक्य: आत्याबाई मला कधी तोंडात काही घालू देत नव्हत्या.

दोघी-तिघी उठून गेल्या. आत्याबाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"तू आसं म्हनलीस का?"

"व्हय. पन आत्याबाई, त्येनी मधलं काढून टाकलं. मी चुलीचं सांगत होते."

त्यांनी मान हलवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "न्हाई पोरी. डोळ्यात पानी उगं येत न्हाई. दिली आसंल मी तकलीफ. मला कळली न्हाई."

मी पाया पडले, शपथा घेतल्या, झाला प्रकार पहिल्यापासून सांगितला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही भांडले असते. त्या समजुतीने ऐकतात आणि त्यांना पटत नाही. त्या मुलीचा मला अजून संताप येतो, आणि तिच्याहून जास्त माझा.

आता रोज स्वयंपाक झाला की आत्याबाई माझं ताट आधी वाढतात. मी दोन घास खाल्ल्याशिवाय स्वतः बसत नाहीत.