बसची वाट पाहणारा राजा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. देवापुढे बसले की बाकी सगळं बोलते, एवढं मात्र वगळून. तुमची-माझी ओळख नाही म्हणून आज जीभ सुटतेय का? असेल तसंही.

आमचं हे बेट स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. रोझ बेलच्या बाजारपेठेपलीकडे, उसाच्या मळ्यांमध्ये आमचं गाव. तिथल्या बैठकीत, म्हणजे जिथं पोरं संध्याकाळी मराठी गिरवायची त्या पत्र्याच्या खोलीत, गुरुजी गावच्या मंडळाचं पत्रक काढायचे. एकदा मला म्हणाले, "नाटकांवर चार ओळी लिहीत जा. नाव नको, खाली 'एक प्रेक्षक' घालू." पगार नाही, काही नाही, नुसती हौस. आणि मी कोण? आजीच्या ओव्यांतून आणि फाटक्या पुस्तकांतून मराठी उचललेली, घराबाहेर पडलं की इथली क्रिओल बोली बोलणारी. पहिल्या खेपेला लिहिलं — सर्वांनी छान काम केले. गुरुजी म्हणाले, "हे तर लग्नातलं आभाराचं भाषण झालं!" लिहिणं काही जमेना हो. कान तेवढे तिखट होते. तेच नडलं.

आता लीलाचं सांगायलाच हवं — किती वेळ टाळणार? आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर. भात शिजेपर्यंत तोंडं चालू. तिचे थोरले दीर पांडूभाऊ, मंडळाची नाटकं तेच लिहायचे, तेच बसवायचे आणि राजाही तेच व्हायचे. नाटकात बायकांची कामं तोवर पुरुषच करत. पण पुढच्या साली राणी लीला करणार, असं पांडूभाऊंनी कबूल केलं होतं. ऊस सोलतानासुद्धा ती संवाद म्हणायची. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

नाटकाच्या दिवशी हवा बरी नव्हती. वारा पडलेला, उसाचं पान हलत नव्हतं, रेडिओवर सिक्लोनचा, म्हणजे वादळाचा, पहिला इशारा झाला होता. तरी गाव जमलं. लीला माझ्या शेजारी.

"अगं बघ," ती कानात म्हणाली, "भाऊजी सिंहासनावर बसलेत की रोझ बेलच्या बसची वाट बघतायत?"

मी पदर तोंडात कोंबला.

"आता मरतील बघ. पण आधी धोतर नीट करतील." आणि तसंच झालं हो!

मग हसू आवरून, अगदी हळू म्हणाली, "ह्या माणसाला टाळी ऐकू येते, समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही."

घरी येऊन मी लिहायला बसले. माझं असं काय होतं माझ्याकडे? तिचीच तिन्ही वाक्यं, जशीच्या तशी. वाचून गुरुजी खूष — "आता कुठं लिहिता आलं तुला!" त्या एका वाक्यानं मी आठवडाभर हवेत होते.

पत्रक वाटलं गेलं आणि गाव हसलं. पांडूभाऊ रस्त्यानं निघाले की पोरं मागून ओरडायची, "बस आली, बस आली!" मग हळूहळू हसणं थांबलं. त्यांच्या अंगणात कुणी मोठ्यानं बोलेना. लीला खिडकीत यायची, पण भांडी घासायची, वर बघायची नाही. गुरुजींनी नाव सांगितलं नाही. पत्रकाचा नेमच तो. बसची थट्टा लीलानं तालमीच्या दिवसांत घरातही केली होती. तीच 'एक प्रेक्षक' ठरवायला घरच्यांना आणखी काय हवं?

नाटकाच्या वेळचा सिक्लोन बाजूनं निघून गेला होता, आता दुसरा आला. दुसरा इशारा झाला, गडीमाणसं खिडक्यांवर फळ्या ठोकत होती, तेव्हा लीलाच्या सासूनं मला बोलावून घेतलं. चुलीपाशी लीला. आमच्या घरासमोरच्या खिडकीत पांडूभाऊ, पाठमोरे, हातात हातोडा, तोंडात खिळे.

"पोरी, तू हिच्या शेजारी बसली होतीस," म्हातारी म्हणाली. "हिनंच लिहून दिलं ना गुरुजींना?"

हातोडा थांबला.

लीला माझ्याकडे बघत होती. तेव्हा मला कळलं — तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते टाळीचं वाक्य ती घरात बोललीच नव्हती. ते फक्त माझ्या कानात सांगितलं होतं. तरी तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. माझं मीच घेईन म्हणून थांबली होती ती. किती थांबली! बाहेर वारा सुटला होता.

मी म्हणाले, "ती असं म्हणाली होती, हे खरं."

झालं. एवढंच बोलले मी. त्यातला एक शब्द तरी खोटा आहे का? नाही ना? — इतकं सफाईदार खोटं मी पुन्हा कधी बोलले नाही.

लीला म्हणाली, "हो, मीच लिहिलं." पातेल्यावर झाकण ठेवलं आणि आत गेली. पांडूभाऊंनी तोंडातला खिळा काढून फळीला लावला.

वादळ एका दिवसात गेलं. पुढच्या साली राणी झाला पांडूभाऊंचा भाचा, मिशी काढून. लीला पुन्हा नाटकाला आली नाही, प्रेक्षकांतसुद्धा नाही. मी मात्र वर्षानुवर्षं लिहीत राहिले. लोक म्हणायचे, हा 'प्रेक्षक' कोण असेल, काय धार आहे लेखणीला! आणि मी मान खाली घालून ऐकायची — लाजून नव्हे. बाजारात लीला भेटायची, दुधी केवढ्याला मिळाला विचारायची. तेवढंच.

गावातल्या सगळ्या फळ्या वादळानंतर उतरल्या. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरची तेवढी राहिली. समोरून मला रोज दिसायची. पावसानं काळी पडली, खिळे गंजले. लीला त्या अंधारात चूल पेटवायची, धूर फटींतून बाहेर यायचा. ती गेली तेव्हाही फळी तशीच होती.

काढा ती, असं मी कधी म्हटलं नाही.