लाल दिवा आणि मिरचीची पथारी

आमचं घर नंदुरबारच्या टोकाला आहे. मागच्या बाजूला मिरची वाळवायची मोठी पथारी आहे. लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर शिंकत होते, मग सवय झाली. मी घरी बसून एका प्रकाशनासाठी शालेय पुस्तकांची मुद्रितं तपासते, त्यामुळे इंटरनेट हीच माझी नोकरीला जायची वाट.

त्या दिवशी दुपारी उशिरा अवकाळी आभाळ आलं. वारा, विजा, टपोरे थेंब, आणि पुढच्या तासाभरात सगळं शांत. इंटरनेट मात्र गेलं ते गेलंच. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता पुण्याच्या संपादकांबरोबर एका पुस्तकातल्या दुरुस्त्यांवर मीटिंग होती आणि मोबाईलला रेंजची जेमतेम एक काडी.

सकाळी मी राउटर बंद करून चालू केला, पिन काढून फुंकर मारली, पुन्हा लावली. एक दिवा लाल, त्याच्या शेजारचा विझलेला, बाकीचे हिरवे. केबलवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "मॅडम, अर्ध्या गावाची लाइन गेलीये. तुमचा नंबर परवा."

माझे सासरे शेजारी चहा पीत बसले होते. उभा जन्म रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेलेला माणूस.

"लाल दिवा शे ना?" त्यांनी अहिराणीत विचारलं.

"हो आबा."

"मंग डब्बा चांगला शे. बिघाड वायरमां शे. चाल, वायरना मांगे मांगे जाऊत."

त्यांनी चप्पल घातली, मीही निघाले. आमची इंटरनेटची बारीक काळी फायबर वायर खिडकीतून गच्चीवर, गच्चीवरून मागच्या खांबाकडे जाते. निदान जायची. आता ती गच्चीच्या कठड्यावरून सरळ खाली पथारीत उतरली होती आणि तिथून पुन्हा खांबावर चढत होती. आबांनी आधी विजेची तार कुठे तुटून पडलेली नाही ना, हे नीट पाहिलं, मगच मला पुढे येऊ दिलं.

पथारीवर मिरचीचे ढीग ताडपत्र्यांखाली झाकलेले होते. आमची वायर दुपदरी करून एका ताडपत्रीच्या कडीतून ओवून, दगडाला दोन वेढे देऊन, करकचून गाठ मारून बांधलेली होती.

आबा खाली वाकले, गाठ बोटांनी चाचपली आणि मोठ्यानं हसले. "वायर तुटेल नही शे पोरी, बांधेल शे!"

ढिगामागून एक मजूर बाई उठून आली. डोक्याला रुमाल, हात कोपरापर्यंत लाल. आम्हाला पाहून जरा बावरली.

"वारामां दोरी तुटी गई," ती म्हणाली. "मिरची भिजती. ही वायर पडेल व्हती, मजबूत दिखनी, म्हणून बांधी टाकी. करंट शे का हिनामां?"

"नाही मावशी, करंट नाही," मी म्हटलं. "हिच्यातून उजेड जातो. गाठ मारली की अडतो."

तिनं वायरीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी तिची थट्टा करतेय असंच तिला वाटलं असावं. मला तिच्यावर रागावता येईना. माझी मीटिंग आणि तिच्या ढीगभर मिरच्या, यांत त्या वाऱ्यात मीही मिरच्याच वाचवल्या असत्या.

मी घरी जाऊन कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडून आणली. तिनं ताडपत्री पक्की केली. आबांनी आमच्या वायरीची गाठ उलगडायला घेतली, एकेक वेढा हळूहळू, वायर मुडपू न देता. मला म्हणाले, "तू घर जाय, दिवा देख."

मी धावत घरी आले. लाल दिवा लुकलुकला, विझला आणि त्याच्या शेजारचा हिरवा लागला. मी गच्चीवर जाऊन ओरडले, "आबा, हिरवा!" पथारीतून आबांनी आणि त्या मावशीनं, दोघांनीही हात वर केले.

वायर तात्पुरती कठड्यावर गुंडाळून ठेवली आणि बाराला पाच मिनिटं कमी असताना मी मीटिंगला बसले. पण सकाळभर मिरचीत वावरल्यामुळे शिंका थांबेनात. संपादकबाईंनी काळजीनं विचारलं, "तुम्हाला बरं नाहीये का?"

मी उत्तर द्यायच्या ऐवजी लॅपटॉप खिडकीकडे वळवला. ऊन आलं होतं. बायका ताडपत्र्या ओढून काढत होत्या आणि खालून लालभडक मिरची उघडी पडत होती. पुण्याकडचे सगळे चेहरे स्क्रीनजवळ सरकले. मग एकजण म्हणाले, "जरा अजून डावीकडे फिरवता का?"


पुस्तकाच्या पान बारावर यायला आम्हाला उशीरच झाला.