खळ्यावरची शीग

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मशिदीत नाही, तापात बरळतानाही नाही — निदान तसं कुणी सांगितलं तरी नाही. आज बोलतोय ते रागाच्या भरात. काल गल्लीतले एक मास्तर माझ्या ओट्यावर चहा पिता पिता म्हणाले, चाचा, तुमच्या काळातले मजूर कसे समाधानी होते, मिळेल ते घ्यायचे, कुरकूर म्हणून नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समाधानी? अहो, कुणी केलं त्यांना समाधानी? कसं केलं? मला विचारा ना!

पण मास्तरांना काही बोललो नाही. तिथंही गप्पच बसलो. खोड आहे ती माझी.

घोटीच्या पलीकडं आमचं गाव, भाताचं. मुसलमानाचं घर तिथं आमचं एकच, आणि ते मापाड्याचं. पैशातली मजुरी तिकडं कुठली? बायकांनी चिखलात वाकून रोपं लावायची, दिवाळीच्या सुमारास कापणी करायची, झोडायचं, आणि खळ्यावर रास पडली की भात मापून मजुरी घ्यायची. मापायचं आम्ही. आमचं घर ना मालकाच्या भावकीतलं, ना मजुरांच्या — म्हणून दोघांचाही आमच्यावर भरवसा.

आता शीग म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, मूठभर भातासाठी हा म्हातारा एवढा का तडफडतोय. पायली काठोकाठ भरली की तिच्यावर भाताचा ढीग चढवायचा, कडेनं दाणे घरंगळेपर्यंत. ती शीग. मजुरी ठरवतानाच ती धरलेली असायची. बाबांनी माझ्या हातात माप दिलं तेव्हा पहिल्यांदा हेच शिकवलं — ही मालकाची मेहरबानी नाही रे, मजुरीच आहे ती. सगळ्या पायल्यांवरच्या शिगा एकत्र केल्या तर पावसाळ्याच्या तोंडचे उपासाचे दिवस निभायचे एखाद्या घराचे. मूठभर नव्हतं ते!

एकोणीसशे तीस सालानंतर भाताचे भाव पडले. बाबा तोवर गेले होते, माप माझ्याकडं आलं होतं. मालकानं मला बोलावलं आणि कधी नव्हे तो ओसरीवर शेजारी बसवलं. म्हणाला, यंदापासून शीग बंद. हात फिरवायचा, माप सपाट करायचं. बायका भांडल्याच तर सांगायचं की शीग हक्काची कधी नव्हतीच. तुझा बाप मनानं मोठा, तो आपल्या मर्जीनं टाकायचा. आणि हो — इगतपुरीला रेल्वेत आपला माणूस आहे, तुझं काम झालंच समज.

रेल्वे! माणसं कमी करत होते त्या दिवसांत, आणि मला कायमची नोकरी! मी नडलेलो होतो असं समजू नका हं. घरात दाणा होता, अंगावर कपडा होता. मला ती नोकरी हवी होती, बस्स.

खळ्यावर पहिलीच पायली मी सपाट केली आणि चांगुणा उठली. डोंगराकडच्या पाड्यावरची बाई, लेकुरवाळी, तोंडानं फटकळ. तिनं पदर झटकला, भात घेत नाय म्हणाली. तिच्यामागं सगळ्या उठल्या. मालक ओरडला, ती हटली नाही. आणि मग — हे ऐका — तिनंच माझं नाव घेतलं. आमच्याकडं रिवाज होता, मापावरून वाद झाला तर मापाड्यानं राशीत हात घालून बोलायचं, आणि ते बोलणं शेवटचं.

"मापाडीभाऊ, घाल हात," ती म्हणाली. "तू सांगशील ते आमी गुमान घेऊ."

मालक हसला. का नाही हसणार?

मी हात घातला. चांगला कोपरापर्यंत घातला. आणि शिकवलेलं सगळं बोललो, एक शब्द चुकलो नाही. मेलेल्या बापाला परक्याचं धान्य उधळणारा ठरवलं.

वाटलं होतं, ती माझ्या तोंडावर थुंकेल. थुंकली असती तर बरं झालं असतं! तिनं माझं खरं मानलं हो. बायकांकडं वळून म्हणाली, "आपलंच चुकलं गं. मापाडीभाऊ खोटं नाय बोलायचा." आणि ती मालकाच्या पाया पडली. इतकी वर्षं फुकटचं खाल्लं म्हणून! मग बाकीच्याही पडल्या. त्या हरामखोरानं मोठ्या मनानं माफ केलं सगळ्यांना — आणि मी खाली मान घालून पायल्या भरत राहिलो. सपाट.

एका हंगामात आसपासच्या सगळ्या खळ्यांवरची शीग गेली. जो तो मालक म्हणायचा, मापाड्यानं राशीत हात घालून सांगितलंय. आता कोण भांडणार? कशाच्या जोरावर? हेच ते समाधान, मास्तर! मी इगतपुरीला गेलो, पगार खाल्ला, घर बांधलं, पोरं शिकवली.

दोन-तीन वर्षांनी सुट्टीत गावी आलो, अंगात रेल्वेचा कोट. खळ्यावर माप चाललं होतं. माझा धाकटा भाऊ मापत होता, मालक जेवायला गेलेला. चांगुणा पदर पसरून बसली होती, पार वाळून गेलेली, शेजारी तिची मुलगी. भावाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं तिच्या पायलीवर दोन ओंजळी चढवल्या. चांगुणानं हात पुढं केला आणि ती शीग स्वतःच्या हातानं लोटून राशीत टाकली.

"नको दादा," ती म्हणाली. "हक्काचं नाय ते."

मग तिला मी दिसलो. हसली. मुलीला म्हणाली, "ह्यो बघ आपला मापाडीभाऊ. ह्यानंच आमाला खरं सांगितलं व्हतं."

मालक तिथं नव्हता. नोकरी पक्की झालेली होती. भ्यावं असं काही उरलं नव्हतं, आणि मुलगी माझ्याकडं बघत होती.

मी मान डोलावली.