काटेबाईला पहिला नंबर नको होता

मोठ्या रस्त्यावरून खडीच्या गाड्या जिथं आत वळतात, तिथं एक वजनकाटा आहे. जमिनीत बसवलेला लोखंडी पाट. त्यावर अख्खा ट्रक चढतो आणि शेजारच्या खोलीत आकडा उमटतो. त्या खोलीत बसणारी ती काटेबाई. तिला खरं नाव होतं, पण ते कागदापुरतं. ड्रायव्हर लोक तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागं काटेबाई.

काम म्हणाल तर सोपं. खिडकीतून डोकं बाहेर काढायचं आणि सांगायचं, "जास्त आहे. माल उतरवा." पण हे वाक्य ऐकून खूश झालेला माणूस अजून जन्माला यायचाय. ड्रायव्हर आधी काट्याला शिव्या घाली आणि काट्याचं झालं की काटेबाईकडं वळे. त्यात एक होता, त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण त्याच्या गाडीला हॉर्नची गरजच नव्हती.

"ताई, काटा चुकतोय!"

"काटा नाही चुकत. तुमचं फावडं चुकतं."

"अहो, खडी ओली आहे. पाण्याचं वजन पण धरता काय?"

"मग पाणी काय हवेत तरंगत येतंय तुमच्या मागं?"

"तुम्ही ना, माणूस मेला तरी आधी काट्यावर ठेवाल आणि म्हणाल, जास्त आहे, थोडा उतरवा!"

रांगेतले सगळे खो खो हसत. तीही हसे. पण संध्याकाळी घरी जाताना डोकं असं जड झालेलं असे की तेच काट्यावर ठेवावं.

अशा बाईनं घरी येऊन काय करावं? ती गाड्या बनवायची. खऱ्या नव्हेत, कॉम्प्युटरवरच्या. भावानं नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना हिच्याकडं आला, आणि त्यात हा गाडी बनवायचा खेळ होता. इंजिन निवडा, पत्रा निवडा, चाकं, गिअर, सीटा, सगळं आपलं आपण. दिवसभर फुगलेले ट्रक बघून बघून तिच्या मनात एकच किडा वळवळत होता : चार चाकांची वस्तू हलकी म्हणजे किती हलकी होऊ शकते? मग ती एकेक भाग उचलून बघे आणि विचारी, हा नसला तर कुणाचं काय अडतं? बहुतेक वेळा कुणाचंच अडत नसे.

या खेळाच्या वेड्यांची एक स्पर्धा चाले. पंच नियम सांगणार, देशोदेशीचे लोक गाड्या पाठवणार, मग पंच प्रत्येक गाडी जणू खरंच चालवून बघितली अशा थाटात तिच्यावर लिहिणार. हे लिहिणं म्हणजे काटेबाईचा जीव की प्राण. आपल्या गाडीबद्दल आलेलं ती सासूला मोठ्यानं वाचून दाखवी. सासूला गाडीतलं ओ की ठो कळत नसे, पण कुणी नाव ठेवलं की ती म्हणे, "त्याच्या घरी आरसा नाही वाटतं."

आता या स्पर्धेत एक रीत होती, आणि तिथंच सगळी गोम होती. जो जिंकेल तो पुढच्या खेपेचा पंच. बक्षीस म्हणा, शिक्षा म्हणा. ढीगभर गाड्या तपासायच्या, प्रत्येकाला सांगायचं तुझं इथं चुकलं, तिथं जास्त झालं, आणि मग त्यांची तोंडं वाकडी झालेली बघायची. म्हणजे परत काटाच! काटेबाईनं मनाशी पक्कं ठरवलं होतं, घरच्या खुर्चीत बसून मी कुणाला 'जास्त आहे' म्हणणार नाही. त्यामुळं गाडी जीव तोडून बनवायची आणि पाठवायच्या आधी तिच्यात एक जडशी खोट घालायची, ही तिची पद्धत. कधी बुडाला मऊ लागणारी गुबगुबीत सीट, कधी जाड काच. नंबर दुसरा, फार तर चौथा. ती खूश.

नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याचं सीटकव्हरं शिवायचं दुकान. बायकोच्या गाड्यांना आतून कापड कुठलं, शिलाई कुठल्या रंगाची, हे तो ठरवी. आणि दर खेपेला नंबर हुकला की अख्ख्या गल्लीत पंचाच्या नावानं बोंब मारी.

या खेपेला पंचानं सांगितलं, दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी हवी, हलकी, कमी तेल पिणारी, आणि चालवताना मजा आली पाहिजे. काटेबाईच्या तर अंगातच आलं. तिनं पुढं छोटं इंजिन बसवलं, ताकद मागच्या चाकांना दिली, पत्रा असा पातळ घेतला की फुंकर मारली तर वाजेल. गाडी इतकी सुरेख जमली की तिची तिलाच भीती वाटली. ही जिंकणार! मग घाईघाईनं तिनं मागच्या बाजूला एक भलीमोठी म्युझिक सिस्टीम कोंबली. वजन वाढलं, तेल वाढलं. आकडा बिघडलेला बघून तिचं समाधान झालं आणि बाकी काही न तपासता ती कामावर गेली. जाताना नवऱ्याला म्हणाली, "अहो, दुपारपर्यंत तेवढी पाठवून द्या. काही करायचं नाही, फक्त पाठवायची."

संध्याकाळी नवरा दारातच उभा. चेहरा लग्नातल्यापेक्षा उजळलेला.

"पाठवलीत ना?"

"पाठवली. आणि अगं, केवढी चूक राहिली होती! मागं तो पेटारा कशाला? दोन माणसांनी गाणी ऐकायची की वरात काढायची? काढून टाकला. वजन बघशील तर..."

काटेबाई पायरीवरच बसली.

"काढला?"

"मुळापासून. यंदा पहिला नंबर. दुकानात सांगून ठेवलंय सगळ्यांना."

पाठवलेली गाडी परत मागता येत नाही, असा नियम. आणि एवढ्या हौसेनं हे करणाऱ्या माणसाला बोलणार तरी काय? ती "बरं केलंत" म्हणाली आणि आत जाऊन गटागटा पाणी प्यायली.

मग निकालापर्यंतचे दिवस. काट्यावर बसून तिला स्पर्धेच्या गाड्यांची रांग दिसे. प्रत्येक गाडीच्या खिडकीतून एक भोंगा डोकं काढून ओरडतोय, ताई, काटा चुकतोय! एकदा तर तिनं रिकाम्या ट्रकला सांगितलं, "जास्त आहे, उतरवा." तो ट्रक भोंग्याचाच.

"ताई, आता काय मी उतरू?" तो म्हणाला. आणि तिचा चेहरा बघून पहिल्यांदाच हळू आवाजात, "बरं नाही का?"

"पहिला नंबर येणार आहे माझा," ती म्हणाली.

भोंग्यानं थोडा वेळ विचार केला. काही उमगलं नाही, तसा निघून गेला. त्याचा रिकामा ट्रक फाटकापाशी मागनं थडथड उडाला, तिकडं तिचं लक्षही नव्हतं.

निकाल सुट्टीच्या दिवशी दुपारी आला. सासू, नवरा, दोघं तिच्या खुर्चीमागं. तिनं वाचायला सुरुवात केली. पंचानं लिहिलं होतं : "ही गाडी बघून मी बाकीच्यांच्या गाड्या विसरलो. तेल पिते ते चिमणीसारखं. सरळ रस्त्यावर असं वाटलं की मी घरूनच हलका निघालोय." नवऱ्यानं तिच्या खांद्यावर थाप मारली.

"पण पहिलंच वळण आलं. सगळं वजन पुढं, मागं नुसती हवा. मागची चाकं रस्ता सोडून स्वतःचंच काहीतरी करू लागली. ओल्या रस्त्यावर मी दोनदा उलटं तोंड करून थांबलो. मागं एखादं पोतं जरी टाकलं असतं, तरी ही गाडी पहिली होती. तिसरा नंबर."

काटेबाईचा जीव असा भांड्यात पडला की तो आवाज शेजाऱ्यांनी ऐकला असेल. आणि लगेच डोक्यात वीज चमकली. पोतं! म्हणजे ती म्युझिक सिस्टीम तिथं असती तर? तिनं झटकन गाडी उघडली, पेटारा परत जागेवर बसवला आणि खेळातल्या वळणावर घालून बघितली. रेघेत ओढल्यासारखी वळली. आयुष्यभर तिनं वजन किती ते बघितलं होतं. कुठं आहे, ते काटा सांगत नाही, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं.

म्हणजे तिनं बिघडवलेली गाडी जिंकली असती, आणि नवऱ्यानं सुधारलेली हरली. ती तोंडावर पदर धरून हसू दाबायला लागली.

नवरा मात्र भिंतीला टेकून बसला होता. "माझ्यामुळं गेला तुझा नंबर. हात लावायला नको होता मी."

सासू सुनेकडं बारीक डोळ्यांनी बघत होती. "हा रडकुंडीला आलाय आणि तुझे गाल वर का गं? हरलीस ना?"

"हरले, आई."

"मग?"

मग काटेबाईनं सगळं सांगितलं. पंच होण्याची धास्ती, गुबगुबीत सीटा, जाड काचा, सगळं. नवरा ऐकत गेला तसा त्याचा चेहरा लाल होत गेला.

"म्हणजे एवढी वर्षं तू मुद्दाम? आणि मी गल्लीभर त्या पंचांची बिनपाण्यानं करत फिरलो?"

"तुम्ही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कधी होतात?"

"अगं, एक शब्द तरी! मी काय परका आहे?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर दुकानात सांगितलं असतंत."

यावर सासूच फसकन हसली. मग नवऱ्यालाही आत कुठंतरी गुदगुल्या झाल्या असाव्यात, कारण तो एकदम म्हणाला, "आणि या खेपेला मी हात लावला नसता, तर तू पंच."

"तर मी पंच."

"म्हणजे वाचवली कुणी?"

"तुम्हीच." ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

संध्याकाळी जिंकणाऱ्याचे नवे नियम आले. कुठल्याशा लांबच्या देशातला बिचारा कुणीतरी, आता त्याच्या डोक्याला ताप. या खेपेला मोठ्या कुटुंबाची गाडी करायची होती. काटेबाई अगदी मोकळ्या हातानं कामाला लागली. नवरा कापडाचे नमुने घेऊन शेजारी सरकला आणि सासूला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, "या वेळी आधीच सांग. काय बिघडवायचं आहे?"

"माहीत नाही हो," ती म्हणाली. "आधी चांगली तर होऊ दे."