आत विचारून सांगते

लग्न होऊन मंचरला आले तेव्हा मी पुण्यातल्या एका कंपनीत नोकरीला होते. सकाळची एसटी, चाकणची कोंडी आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. काय काम करते असं सासरी कुणी विचारलं की मी "कॉम्प्युटर" म्हणायचे आणि विषय संपायचा. तसं ते सांगायला अवघड नव्हतं. एकाच मशीनमध्ये चार-पाच वेगवेगळ्या सिस्टिम ठेवायच्या. त्यांना गेस्ट म्हणायचं, म्हणजे पाहुणे. त्यांच्यावर हायपरवायझर, घरचा कारभारी. पाहुण्याने आपल्या खोलीत हवा तो पसारा करावा, पण जास्तीची मेमरी हवी असेल, डिस्कवर लिहायचं असेल, तर परस्पर हात घालायचा नाही. ठरलेल्या पद्धतीने कारभाऱ्याला विनंती करायची आणि गप उभं राहायचं. आत काय चाललंय ते पाहुण्याला दिसत नाही, हो की नाही एवढंच उत्तर हातात पडतं. या विनंत्यांचा कोड मी लिहायचे.

माझं सासर राजस्थानातून आलेल्या जैन व्यापाऱ्यांचं. कांदा-बटाट्याची आडत. भाषा कधीच मराठी झाली होती, पण सुनेने सासऱ्यांशी बोलायचं नाही हा त्यांनी गाठोड्यात बांधून आणलेला नियम अजून शाबूत होता. सासरे दिसले की डोक्यावर पदर आणि तोंड बंद. परवानगी मात्र सगळ्याला त्यांचीच. नोकरी चालू ठेवायला, ऑफिसला पंजाबी ड्रेस घालायला, माहेरी दोन दिवस जास्त राहायला. नवऱ्याकडे गेलं की तो म्हणायचा, "मम्मीला सांग." सासूबाई हातातलं काम बाजूला ठेवायच्या, "आत विचारून सांगते" म्हणून सासऱ्यांच्या खोलीत जायच्या आणि थोड्या वेळाने बाहेर यायच्या. "हो म्हनले." ऑफिसात मी हे मैत्रिणींना रंगवून सांगायचे. आमच्या प्रॉडक्टपेक्षा सासूबाई फास्ट आहेत आणि कधी हँग होत नाहीत, असं म्हणायचे.

मग कंपनीने मला वर्षभर बंगळूरला पाठवायचं ठरवलं. हायपरवायझरचं मुख्य काम तिथे चालायचं. पाहुण्यांच्या बाजूने विनंत्या लिहून मी कंटाळले होते, मला कारभाऱ्याच्या बाजूला जायचं होतं. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. "माझं काय न्हाई," नवरा म्हणाला, "पण मम्मीला सांग." सासूबाई आत गेल्या. त्या दिवशी जरा जास्तच वेळ लागला. बाहेर येऊन म्हणाल्या, "न्हाई म्हनले," आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या. मी न्हाणीत जाऊन रडले आणि ऑफिसात घरची अडचण सांगितली. माझ्या जागी गेलेला मुलगा बंगळूरहून पुढे अमेरिकेला गेला. सासऱ्यांचा मला मनस्वी राग आला. न बोलण्याच्या रिवाजाचा एक फायदा आहे, राग लपवायचे कष्ट पडत नाहीत.

दोन-तीन वर्षांनी सासऱ्यांना आळेफाट्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. सासूबाईंचा उपवास, नवरा लिलावाला. गाडी चालवायला मी तोवर शिकले होते, अर्थात आत विचारूनच. सासरे मागे बसले. नारायणगाव मागे पडल्यावर ते खिडकीकडे बघत म्हणाले, "त्या टायमाला बंगळूरला जायला पायजे व्हतं. घाबरली असंल पोरगी."

गाडीत दुसरी पोरगी नव्हती. मीही समोरच्या काचेला सांगितलं, "तुम्हीच नाही म्हणाला होतात."

"मी? मला कुनी इचारलंच न्हाई. मागनं कानावर आलं, मला वाटलं तूच नको म्हनलीस."

"आणि नोकरीचं? ड्रेसचं?"

"त्यातलं मला काय ठावं. तुजी सासू आत यायची, पंख्याखाली बसायची, पानी प्यायची आन जायची."

इतकी वर्षं मी ज्या माणसावर चिडून होते, तो मागच्या सीटवर रुमालाने डोळे टिपत बसला होता. मला हसूही येईना आणि गाडीही नीट चालवता येईना.

घरी आल्यावर सरळ स्वयंपाकघरात गेले. सासूबाई उद्याच्या पारण्याचे मूग निवडत होत्या. "मम्मी, बंगळूरचं तुम्ही त्यांना विचारलंच नव्हतं?"

त्या गडबडल्या नाहीत. ताटातला एक खडा उचलून त्यांनी बाजूला टाकला.

"कसं इचारनार?" त्या म्हणाल्या. "इचारलं असतं तर ते हो म्हनले असते."