एकशे तीन टोल

आमच्या चर्चच्या शाळेचे शिपाई म्हणजे सगळ्यांचे मामा. फादरांचे मामा, सिस्टरांचे मामा, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांचेही मामा. खरा भाचा मी एकटाच, म्हणून उशिरा येणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव माझं.

सदतीस वर्षं मामांनी शाळेची घंटा वाजवली. यंदा निवृत्ती. इच्छा एकच उरलेली: शाळेच्या शताब्दीला स्वतःच्या हाताने शंभर टोल द्यायचे. शाळा शंभरीच्या आसपास आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. नेमकं साल कुणालाच नाही. जुनी दप्तरं वाळवीने मन लावून वाचून संपवली होती.

"कोनशिलेवर असेल की," फादर म्हणाले. "कुठे आहे ती?"

मामा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागले. कोनशिला होती भिंतीतच. पण नवे फादर आले की शाळेला नवा रंग, हा इथला रिवाज. आणि मामांचा हात एकदा सुरू झाला की खुंटी, खिळा, झोपलेली पाल, काही म्हणून सुटत नसे. आठ फादरांच्या आठ रंगांखाली साल गाडलं गेलं होतं.

मामा लोखंडी पट्टी घेऊन बसले. शाळेचा इतिहास पापुद्र्यापापुद्र्याने खाली पडू लागला.

"हा पिवळा गाणाऱ्या फादरांचा. नापासांची यादीसुद्धा पेटीवर म्हणायचे. हा हिरवा. यांनी शाळेत मुली घेतल्या. त्या वर्षी पोरांनी पहिल्यांदा तोंडं धुतली."

"आणि गुलाबी?" मी विचारलं.

"त्या फादरांना रंग कळत नसत. बदली होईपर्यंत राखाडी समजत होते. सांगणार कोण?"

शेवटी दगड लागला. गणिताच्या सिस्टरांनी बोटांवर वर्षं मोजली, मग पुन्हा मोजली.

"मामा, शाळा एकशे तीन वर्षांची आहे. शताब्दी होऊन गेली."

"कधी?"

"तीन वर्षांपूर्वी. आपल्यापैकी कुणालाच पत्ता नाही."

मामांनी पट्टी खाली ठेवली.

"आता एकशे पंचविसावं वर्ष करू," फादर समजुतीने म्हणाले.

"तोवर मी वरची घंटा वाजवत असेन. फादर, एखादा म्हातारा एकशे तीनचा झाला, तर त्याला म्हणाल का, बाबा, शंभरीला सांगितलं असतंस तर केक कापला असता, आता बस तसाच?"

फादरांना हसताना ठसका लागला. सिस्टर म्हणाल्या, "गणितात बसत नाही, पण होऊन जाऊ द्या."

शनिवारी चर्चमधली मिस्सेची प्रार्थना संपली आणि सगळी शाळा मैदानात जमली. शंभराव्या टोलाला टाळ्या पडल्या, तरी मामा थांबेनात. एकशे तीन पुरे करून त्यांनी दोरी सोडली. उजवा हात मात्र वरच राहिला. काही केल्या खाली येईना.

पुढे दोन दिवस मामा ज्या वर्गावरून जात, तिथले शिक्षक थांबून विचारत, "हं, बोला मामा, काय शंका आहे?"